मॉलमधले पडदे : आज आहेत, पुढं काय?

करवीरकर

मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात आहे. आपल्या कोल्हापुरात पिक्चर बघायचा म्हटलं की आता बहुतेकांची गाडी मॉलकडंच वळते. माझ्या पिढीला हे नवीन वाटतं, पण आज कॉलेजात असलेल्या पोरांनी दुसरं काही फारसं बघितलेलंच नाही. आणि मॉलमधला हा सिनेमा किती दिवस राहणार याचा विचार कुणी करताना दिसत नाही. म्हणून धागा काढतोय.

आधी थोडा मागचा हिशेब. भारतात मल्टिप्लेक्सचं युग सुरू झालं ते १९९७ मध्ये, दिल्लीत साकेतला. पुण्यात बंडगार्डन रोडला २००२ मध्ये आलं. त्याच्या आदल्या वर्षी, २००१ मध्ये, राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सला करमणूक करात सवलत दिली होती : पहिली तीन वर्षं पूर्ण माफी, पुढची दोन वर्षं पाव कर. हे लक्षात ठेवा. कारण त्याच काळात लक्ष्मीपुरीतली, शाहूपुरीतली आपली टॉकीज पुरता कर भरत होती. दहा-वीस रुपयांच्या स्टॉलच्या तिकिटातला मोठा वाटा सरकारजमा व्हायचा आणि उरलेल्यात खुर्च्या दुरुस्त करायच्या, पंखे फिरते ठेवायचे. मॉल आले तेव्हा ही टॉकीज आधीच थकलेली होती. लोक म्हणतात मॉलनं टॉकीज मारली. मला वाटतं करानं ती अर्धमेली केली होती, केबल आणि सीडीनं उरलेलं काम केलं, आणि मॉल शेवटी आला.

आता गंमत नाही, काळजी सांगतो. २०२३ च्या फेब्रुवारीत देशातल्या दोन सगळ्यांत मोठ्या मल्टिप्लेक्स कंपन्या एक झाल्या आणि त्याच मे महिन्यात या नव्या कंपनीनं सुमारे ५० पडदे बंद करणार असं जाहीर केलं. कारण काय दिलं? हे पडदे तोट्यात आहेत, किंवा ज्या मॉलमध्ये आहेत ते मॉलच संपत आलेत. दुसरं कारण मला जास्त लागलं. पिक्चर चालत असो वा नसो, खालची दुकानं उठली तर वरचा पडदाही उठणार.

कोल्हापुरात असं काही ठरलंय असं मी म्हणत नाही. पण मधल्या वारी संध्याकाळी मॉलमध्ये जाऊन बघा. तळमजल्यावर शटर ओढलेले गाळे आहेत, सरकते जिने रिकामे फिरतायत, वर तीन नंबरच्या पडद्याला पहिल्या चार रांगांत कुणीच नाही. ज्या गावात १ जून १९२९ ला प्रभात कंपनी उभी राहिली, ज्या गावात त्याच्याही आधी बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला, त्या गावात पिक्चर बघायची जागा एका भाडेकराराच्या भरवशावर आहे. तो करार कुणी केला, कधी संपतो, आपल्याला काही माहीत नाही. संपला तर आपल्याला कुणी विचारणार आहे का?

जाणकारांनी लिहावं. आठवणीही चालतील, पण पुढं काय करता येईल हेही सांगा.

पेठकर

नेमका विषय काढलासा. मी शिवाजी पेठेतला. आम्ही पिक्चरचा खेळ ठरवायचो तो फुटबॉलची मॅच बघून. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुपारचा खेळ मोकळा, आणि मॅच सुटली की सहाच्या खेळाला तोबा गर्दी. हरलेले आणि जिंकलेले एकाच रांगेत. मॉलमध्ये ही गर्दी कधी दिसली नाही. पुढचं जाणकार बोलतील, मी वाचतोय.

मशीनरूम

माझे वडील लक्ष्मीपुरीतल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीजचं नाव नको, मालक माणूस चांगला होता. मी लहानपणी शनिवारी शाळा सुटली की डबा घेऊन जायचो आणि मशीनरूममध्येच बसायचो, म्हणून हे जवळून बघितलंय.

दोन मशीन शेजारी शेजारी. हजार फुटांच्या रिळाला अकरा मिनिटं लागतात, म्हणून दोन-दोन रिळं जोडून वीस-बावीस मिनिटांचे भाग करायचे. भाग संपत आला की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, तेव्हा याचं झाकण पाडायचं आणि त्याचं उघडायचं. खाली बसलेल्या आठशे माणसांना काही कळता कामा नये. उजेड कार्बनचा. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये ठिणगी पेटलेली, कांड्या जळत जातात तसं अंतर वाढतं आणि पडदा पिवळा पडायला लागतो. वडील काळ्या काचेतून बघत बोटानं चाक फिरवून अंतर सांभाळायचे. बोलताना, चहा पिताना, माझ्या वहीत सही करताना सुद्धा हात त्या चाकावर. पडदा पिवळा पडला की खालून शिट्ट्या यायच्या, आणि शिट्टी आली की त्यांचा जेवणावरचा जीव उडायचा.

एकच प्रिंट दोन टॉकीजला चालवायची पद्धत होती. खेळांच्या वेळा पाऊण तासानं पुढं-मागं ठेवायच्या आणि रिळांची पेटी सायकलीवरून इकडून तिकडं. पावसाळ्यात पेटीवर इरलं. जयंती नाल्याला पाणी चढलं आणि व्हीनस कॉर्नर बंद झाला की पेटीवाला लांबचा वळसा घालून यायचा आणि तोपर्यंत इंटरव्हल लांबवायचा.

मॉलमध्ये हे सगळं गेलं. आता पिक्चर हार्डडिस्कवर नाहीतर उपग्रहावरून येतो, सर्व्हरमध्ये चढवतात आणि त्याची एक डिजिटल किल्ली येते. त्या किल्लीत तारीख आणि वेळ बांधलेली असते. शुक्रवारी सकाळी ठरल्या वेळेआधी पिक्चर उघडत नाही आणि मुदत संपली की चालत नाही. पडद्यामागं माणूस नसला तरी खेळ आपोआप सुरू होतो. चित्र स्वच्छ दिसतं, ओरखडा नाही, आवाज फुटत नाही, हे मान्यच. पण वडिलांसारख्या माणसांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. टॉकीज बंद झाल्यावर त्यांनी एका ठिकाणी नव्या मशीनवर काम मागून बघितलं. संगणक येतो का म्हणून विचारलं आणि परत पाठवलं. तीस वर्षं ज्यानं पडदा पिवळा पडू दिला नाही, त्याला पंधरा दिवस शिकवलं असतं तर सर्व्हर आला नसता का?

करवीरकर दादा, मॉलचे पडदे बंद झाले तर तिथली पोरं-पोरी पण अशीच घरी बसणार. ती आपलीच आहेत, कुणी उचगावची, कुणी कळंब्याची.

सुनेत्रा_ताराबाई_पार्क

मशीनरूम दादा, वडिलांबद्दल वाचून फार बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. पण या धाग्यावर जुन्या टॉकीजचं कौतुक वाढत जाण्याआधी मला बाईमाणसाची बाजू लिहायचीच आहे.

मी माहेरची कागलची. लग्नाआधी आम्ही बहिणी कोल्हापूरला पिक्चरला यायचो, पण कायम आईबरोबर नाहीतर भावाबरोबर. एकट्या पोरींनी टॉकीजला जायचं नाही हा घरचा नियम होता आणि तो उगाच नव्हता. अंधारात मागच्या रांगेतून पाय यायचे. बाथरूमला जायचं म्हणजे दोघींनी जायचं, एकीनं दार धरायचं. कडी नसायची, पाणी नसायचं. इंटरव्हलला बाहेर आलं की पुरुषांची गर्दी आणि सिगारेटचा धूर. म्हणून आम्ही पिक्चरला जायच्या दिवशी दुपारपासून पाणीच प्यायचो नाही. ही गोष्ट मी कधी कुठल्या पुरुषाच्या आठवणीत वाचली नाही.

मॉलमध्ये मी पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर, घरातलं कुणी पुरुष सोबत न घेता, पिक्चर बघितला. स्वच्छ बाथरूम, उजेड, जागेचा नंबर ठरलेला, सुरक्षारक्षक बाई. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळं जिना चढता येत नाही. लिफ्ट आहे म्हणून त्या दहा-बारा वर्षांनी थिएटरात बसल्या. आमच्या भिशीतल्या बायका दुपारच्या खेळाला मिळून जातात, त्यातल्या निम्म्या जणी एकपडदा थिएटरला कधीच गेल्या नसत्या.

म्हणून मला हे पडदे जायला नको आहेत. जुनं परत यावं म्हणून नव्हे, जे मिळालंय ते टिकावं म्हणून.

करवीरकर

ताई, तुम्ही लिहिलंत ते या धाग्यात यायलाच हवं होतं. माझ्या बहिणीनंही हेच सांगितलं असतं.

माजी_ड्यूटी_मॅनेजर

मी एका मल्टिप्लेक्समध्ये सात-आठ वर्षं काम केलंय. कोल्हापुरात आणि बाहेरही. आता तो धंदा सोडला. पैशाचं गणित समजल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

२०० रुपयांचं तिकीट धरा. १०० च्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी. तो आत धरलेला असतो, म्हणजे मूळ रक्कम १६९ च्या आसपास. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात भांडण झालं, दोन महिने नवे हिंदी पिक्चर लागलेच नाहीत, तेव्हा वाटणी ठरली : पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढं ३०. म्हणजे पहिल्या आठवड्यात थिएटरच्या हातात ८५ रुपये. आणि गर्दी कधी असते? पहिल्याच आठवड्यात. जेव्हा वाटा वाढतो तेव्हा माणूस नसतो.

या ८५ मधून भाडं. मॉलशी करार करताना बहुधा असं असतं की ठरलेलं किमान भाडं किंवा उत्पन्नातला टक्का, यातलं जे जास्त असेल ते. वर सामायिक देखभालीचा आकार, म्हणजे जिने, लिफ्ट, बाहेरची सफाई, पार्किंग. मग वीज. हॉलमध्ये वीस माणसं असोत वा दोनशे, एसी तेवढाच चालतो. म्हणून पॉपकॉर्न महाग. मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नात खाण्यापिण्याचा वाटा जवळजवळ तिसरा हिस्सा असतो, आणि त्यात वितरकाला काही द्यावं लागत नाही. बाहेरचं खाणं आत आणू द्यायचं की नाही यावर आपल्या राज्यात २०१८ मध्ये बराच गदारोळ झाला. शेवटी ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की थिएटर मनाई करू शकतं, पण पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागेल. पाणी मागा, तो तुमचा हक्क आहे.

आता मॉलला थिएटर का हवं असतं? थिएटर सगळ्यांत वरच्या मजल्यावर मुद्दाम ठेवतात. पिक्चरला आलेला माणूस तीन मजले दुकानं बघत वर जातो आणि बघत खाली उतरतो. म्हणून सुरुवातीला थिएटरला कमी दरानं जागा मिळते. पण लोकांनी कपडे, मोबाईल, चपला ऑनलाइन घ्यायला सुरुवात केली, खालचे गाळे रिकामे पडले, आणि मग मॉलचा मालक म्हणतो की आता भाडं थिएटरकडूनच वसूल करू. थिएटरवाला म्हणतो, मॉलमध्ये माणूस नाही तर माझ्याकडं कुठून येणार. दोघंही खरं बोलतात.

आणि सगळ्यांत अवघड वेळ येते ती करार संपताना. हे करार पंधरा-वीस वर्षांचे असतात. तेवढ्या वर्षांत खुर्च्या बसलेल्या असतात, प्रोजेक्टर बदलायला आलेला असतो, पडद्याला डाग असतात, गालिचाला वास यायला लागतो. करार पुढं न्यायचा म्हणजे नुसती सही नव्हे, सगळं नव्यानं करायचं, कोट्यवधींचा खर्च. मुंबईत बसलेला माणूस तक्ता बघतो. कोल्हापुरात तिकिटाचा सरासरी दर कमी, तोच खर्च पुण्यात केला तर लवकर निघतो. निर्णय तिथं होतो.

मार्च २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात बहुतेक वेळ थिएटरं बंदच होती. मधले काही महिने उघडली तेव्हाही निम्म्याच खुर्च्या. त्यातून सगळे बाहेर आले, पण त्या काळात लोकांना घरी बघायची सवय लागली ती लागलीच. हिंदी पिक्चर आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतो हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पूर्वी लोक पिक्चर ‘गेला’ म्हणून हळहळायचे, आता थांबतात.

निपाणकर

आम्ही निपाणीचे, पिक्चरला कोल्हापूर जवळ. आमच्या कर्नाटक सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये तिकिटाला २०० रुपयांची मर्यादा घातली होती. मल्टिप्लेक्सवाले उच्च न्यायालयात गेले आणि त्याच महिन्यात स्थगिती आली. त्याच महिन्यात केंद्रानं १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के केला. मला वाटतं मर्यादा घालण्यापेक्षा ही दुसरी वाट बरी. मधल्या वारी, सकाळच्या खेळाला ९९ चं तिकीट ठेवलं तर सरकारला ५ च टक्के द्यायचे. मॅनेजर साहेब, असं का करत नाहीत?

माजी_ड्यूटी_मॅनेजर

करतात, पण धसक्यानं करतात. एकदा ९९ लावलं की लोक शनिवारी २५० द्यायला तयार होत नाहीत अशी भीती. आणि दर गावच्या मॅनेजरला ठरवता येत नाही. मी असताना मंगळवारी तिकीट उतरवलं की हॉल भरायचा, आणि खाण्याचा गल्ला शुक्रवारच्या जवळ जायचा. हे मी वर कळवलं होतं. माझं मत निपाणकरांसारखंच आहे.

करवीरकर

एक शंका. समजा थिएटर कंपनीनं काढता पाय घेतला. मग त्या जागेचं काय होतं? दुसरा कुणी येऊन चालवू शकतो का? इथं कुणी आर्किटेक्ट आहेत का?

रेषा_आणि_भिंत

मी आर्किटेक्ट आहे, राजारामपुरीत ऑफिस. मॉलचं काम केलेलं नाही, पण एका जुन्या टॉकीजच्या जागेच्या नव्या आराखड्यावर काम केलंय.

थिएटरचा हॉल ही वेगळी जागा असते. मध्ये एकही खांब चालत नाही, म्हणून वर मोठ्या तुळया टाकाव्या लागतात. उंची साध्या मजल्याच्या जवळपास दुप्पट. जमीन सपाट नसते, पायऱ्यापायऱ्यांचा उतार असतो आणि तो काही ठिकाणी काँक्रीटचा, काही ठिकाणी लोखंडी सांगाड्यावर उचललेला. खिडकी नाही. भिंतींना आवाज शोषणारं अस्तर. बाहेर पडायला वेगळे जिने. अशा जागेत कपड्याचं दुकान टाकायचं म्हणजे उतार फोडायचा, जमीन भरायची किंवा मधे नवा स्लॅब टाकायचा, अग्निशमनाचा दाखला नव्यानं घ्यायचा. खर्च बघून मॉलमालक बरेचदा जागा तशीच कुलूप लावून ठेवतो. म्हणजे करवीरकरांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की ती जागा थिएटर म्हणूनच सगळ्यांत जास्त उपयोगाची असते. दुसरा चालवणारा येऊ शकतो. पण जाणारी कंपनी खुर्च्या, प्रोजेक्टर, स्पीकर, पडदा, सगळं उचलून नेते, कारण ते तिचं असतं. मागं उरतो तो काळा उतार आणि बोल्टची भोकं. नव्या माणसाला परवानाही नव्यानं लागतो. आपल्याकडं पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं सिनेमाचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून.

एकपडदा टॉकीजचं उलट आहे. तिथं जमीन मालकाची आणि तिची किंमत पिक्चरच्या धंद्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून पाडायची घाई. जागेवर नवं काही बांधलं तरी काही खुर्च्यांचं थिएटर ठेवायलाच पाहिजे, ही अट काढून टाका अशी एकपडदा मालकांची जुनी मागणी आहे. मालकांची अडचण मला कळते. तरी मी त्या मागणीच्या विरोधात आहे. कारण अट गेली तर शहराच्या मध्यात, एसटी स्टँडवरून चालत जाता येईल अशा जागी, थिएटर परत कधीच बांधलं जाणार नाही.

विद्यापीठ_हॉस्टेल

मी शिवाजी विद्यापीठात शिकतो, गाव गारगोटीच्या पुढं. आर्किटेक्ट सरांनी एसटी स्टँडचं लिहिलं म्हणून लिहितो. आमच्या आजोबांच्या वेळी रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजाराला आलेला माणूस बाजार करून, पिक्चर बघून, शेवटच्या गाडीनं परत जायचा. आज गावाकडचा माणूस मॉलपर्यंत जायचा म्हणजे रिक्षा. रिक्षा, तिकीट, खाणं धरून चौघांच्या घराचा हजार-दीड हजार रुपयांचा मामला. घरात मोबाईलवर महिनाभर पुरेल एवढा नेट त्याच्या पाव किमतीत. माझे मित्र पिक्चरवर जीव टाकतात. पण वर्षातून दोन-तीनच मोठे पिक्चर मॉलमध्ये बघतात, बाकीचे हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉपवर. त्यांना मोठा पडदा आवडत नाही असं नाही.

आणि मराठी पिक्चर लागतो तो कधी? सकाळी साडेदहा नाहीतर रात्री साडेदहा. सकाळी लेक्चर, रात्री परत यायला गाडी नाही.

माजी_ड्यूटी_मॅनेजर

मराठीचा नियम आहे. २०१५ मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी पिक्चर प्राइम टाइमला लावायला सांगितलं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले, मग बोलणी होऊन दुपारी बारा ते रात्री नऊ अशी वेळ ठरली. त्यामुळं दुपारी बाराचा खेळ दिला तरी नियम पाळला गेला. गर्दी झाली की मात्र वेळा लगेच बदलतात, हेही सांगतो. २०१६ मध्ये ‘सैराट’ लागला तेव्हा हिंदीचे खेळ काढून त्याला दिले होते. तेव्हा जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून माणूस यायचा, टेम्पो भरून यायचा. आमच्या कंपनीच्या पुण्या-मुंबईच्या साहेबांना पहिल्यांदा कळलं की इथं एवढा प्रेक्षक आहे.

जयप्रभा_शेजारी

मी वयानं इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा. मंगळवार पेठेत जयप्रभा स्टुडिओच्या आसपास वाढलो. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांना लांबून बघितलंय. तो स्टुडिओ १९४८ मध्ये जळाला आणि पुन्हा उभा राहिला, हे आमच्या घरात लहान मुलांना सांगायचे.

तुमची चर्चा वाचताना एक गोष्ट मनात आली. २०२२ मध्ये जयप्रभाची जागा विकली गेल्याचं बाहेर आलं तेव्हा कलाकार, तंत्रज्ञ, सामान्य माणसं आंदोलनाला बसली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा अर्धं गाव खासबागेच्या बाजूला धावलं. मीही गेलो होतो. शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर डोळ्यांदेखत जळताना मोठमोठी माणसं रडत होती, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जिथं पिक्चर बनतो त्या जागेसाठी आणि जिथं नाटक होतं त्या जागेसाठी हे गाव उभं राहतं. जिथं पिक्चर बघतो त्या जागेसाठी मात्र आपण कधी उभे राहिलो नाही. एकेक टॉकीज बंद झालं, आम्ही बंद दरवाजावरून सायकल पुढं नेली. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली याची हळहळ आम्ही नव्वद वर्षं करतोय. प्रेक्षक म्हणून आपण कुठं गेलो याची नाही केली.

मॉलसाठी कुणी आंदोलन करणार नाही आणि करूही नये, ती खासगी जागा आहे. पण प्रेक्षकांची संघटना असायला काय हरकत आहे? आपल्याकडं बाबूराव पेंटरांच्या नावानं फिल्म सोसायटी आहे, तिचा आंतरराष्ट्रीय महोत्सव होतो. महोत्सवात हॉल भरतो, मी बघितलाय. ती माणसं वर्षभर कुठं असतात?

सुनेत्रा_ताराबाई_पार्क

काका, अगदी खरं. आमच्या भिशीत चाळीस बायका आहेत. आम्ही एकदा चौकशी केली होती, पूर्ण हॉल घ्यायचा तर मधल्या वारी काय पडेल म्हणून. नीट उत्तरच मिळालं नाही. हा फोन करा, तो मेल करा. मॅनेजर दादा, हे कसं जमवायचं?

माजी_ड्यूटी_मॅनेजर

ताई, सोपं आहे, फक्त विचारायची पद्धत आहे. काउंटरवर विचारू नका, तिथल्या पोरांना अधिकार नसतो. ड्यूटी मॅनेजरला भेटा आणि गट आरक्षण म्हणा. पूर्ण हॉल घ्यायचा आग्रह धरू नका. लहान पडद्याला दोनशेच्या आत-बाहेर खुर्च्या असतात. साठ-सत्तर पक्की तिकिटं आधी दिलीत तर सोमवार ते गुरुवारात हव्या त्या वेळेचा खेळ मिळण्याची बरीच शक्यता असते, कारण तो हॉल एरवी वीस जणांत चालणार असतो. वेळापत्रक साधारण मंगळवार-बुधवारी पुढच्या शुक्रवारसाठी ठरतं. म्हणून मागणी सोमवारपर्यंत गेली पाहिजे. लेखी द्या. लेखी आलेलं वर पाठवावं लागतं आणि मुंबईच्या तक्त्यात दिसतं. गावात मागणी आहे हे त्यांना दुसऱ्या कुठल्या मार्गानं दिसत नाही.

विद्यापीठ_हॉस्टेल

सर, मराठी पिक्चर संध्याकाळी सहाला, बुधवारी, असं लेखी दिलं तर? हॉस्टेलची पन्नास पोरं मी जमवतो. तिकीट शंभरच्या आत पाहिजे.

माजी_ड्यूटी_मॅनेजर

पन्नास तू, चाळीस ताई. नव्वद झाले. एकाच अर्जात घाला. शंभरच्या आतलं तिकीट मागताना ५ टक्के जीएसटीचं कारण लिहा, म्हणजे त्यांनाही वर सांगायला मुद्दा मिळतो. मजकूर मी करून देतो.

मशीनरूम

आमच्या घरातले तीन धरा. वडिलांना घेऊन येतो, मागच्या रांगेत प्रोजेक्टरच्या खिडकीखाली जागा मिळाली तर बघा.

करवीरकर

मी आणि बायको धरून पंच्याण्णव. पेठकर, तुमच्या तालमीतली किती येतील ते उद्यापर्यंत कळवा. मॅच नसलेला बुधवार बघून तारीख टाकतो.